किमोनंतरची मळमळ: पहिल्या दिवशी चालणारं औषध तिसऱ्या दिवशी का फसतं? (अ‍ॅप्रेपिटंटची केमिस्ट्री)

रेणुवेडा (धागाकर्ता)

मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की किमोच्या दिवशी पेशंट बऱ्यापैकी ठीक असतो, मग दोन दिवसांनी घरी असताना उलट्या का सुरू होतात, आणि तेव्हा तीच ओंडानसेट्रॉनची (उलटीवरची) गोळी दिली तर म्हणावा तसा फरक का पडत नाही. तिथे उत्तर द्यायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की नवा धागाच काढतोय. मी औषधांच्या सिंथेसिसमधे काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणी डोस विचारला तर हात वर करणार, रेणूबद्दल मात्र विचाराल तितकं कमी.

तर मुद्दा असा की किमोची मळमळ ही एक गोष्ट नाहीच. निदान दोन तरी आहेत आणि दोघींचे रस्ते वेगळे.

पहिली, औषध दिल्यापासून साधारण २४ तासांतली. आपल्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन मेंदूत नसतं, आतड्यात असतं, तिथल्या एंटेरोक्रोमाफिन नावाच्या पेशींमधे साठवलेलं. सिस्प्लॅटिनसारखं किमोचं औषध गेलं की या पेशी दुखावतात आणि साठा एकदम बाहेर सोडतात. शेजारीच व्हेगस नर्व्हची टोकं असतात, त्यांच्यावर ५-एचटी३ नावाचे रिसेप्टर, म्हणजे ठराविक रेणूने येऊन बसायच्या खुर्च्याच. सेरोटोनिन तिथे बसलं की आयन चॅनल उघडतो, नर्व्ह पेटते आणि निरोप थेट मेंदूच्या देठात. ओंडानसेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन ही सगळी 'सेट्रॉन' मंडळी हा रिसेप्टर अडवतात. ओंडानसेट्रॉनला अमेरिकेत १९९१ मधे मंजुरी मिळाली आणि त्याआधी किमो म्हणजे काय होतं हे जुन्या नर्सेसना विचारा, लोक मळमळीपायी ट्रीटमेंट अर्धवट सोडून जायचे.

दुसरी, २४ तासांनंतर सुरू होऊन चार-पाच दिवस रेंगाळणारी. सिस्प्लॅटिनमधे ही ४८ ते ७२ तासांच्या आसपास टोकाला जाते. इथे मुख्य खलनायक सेरोटोनिन नाही तर सबस्टन्स पी. हे ११ अमिनो आम्लांचं छोटंसं पेप्टाइड, १९३१ मधे फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात सापडलं, पण त्याची रचना कळायला १९७१ उजाडलं. ते एनके-१ या रिसेप्टरवर बसतं आणि उलटीचं गणित जुळवणाऱ्या मेंदूच्या भागात हे रिसेप्टर भरपूर असतात. आता सेट्रॉन गोळी कितीही घ्या, ती दुसऱ्याच खुर्चीवर बसलेली आहे, ही खुर्ची मोकळीच!

एनके-१ ची खुर्ची अडवणारं पहिलं औषध म्हणजे अ‍ॅप्रेपिटंट, मर्क कंपनीचं, २००३ ला मंजुरी. त्याच्या रेणूबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, आधी कुणाला वाचायचंय का ते तरी बघू.

चिकूची_आई

वाचतेय. वाचनखूण साठवली. घरात एक जण या सगळ्यातून जातंय त्यामुळे अगदी हवा तो विषय, लवकर लिहा.

शंकासुर

छान लिहिलंय पण एक शंका. हे दोन वेगळे रस्ते आहेत हे कशावरून? कशावरून तेच सेरोटोनिन चार दिवस थोडंथोडं झिरपत नसेल? मेंदूच्या देठात डोकावून तर कुणी बघितलं नसणार.

रेणुवेडा

@शंकासुर, नावाला जागलात :) पण शंका एकदम रास्त.

सेरोटोनिन तुटलं की त्याचा एक अवशेष लघवीतून जातो, ५-एचआयएए. सिस्प्लॅटिननंतर पेशंटच्या लघवीत तो पहिल्या काही तासांत चढतो आणि दिवसाभरात परत मूळपदावर येतो. म्हणजे उलट्या तिसऱ्या दिवशी चालू आहेत पण सेरोटोनिनचा पूर कधीच ओसरलाय. हा एक पुरावा. दुसरा म्हणजे औषधांच्या चाचण्याच. सेट्रॉन आणि डेक्सामेथासोन (हे स्टेरॉइड) दोन्ही गटांना दिलं आणि एका गटाला वर अ‍ॅप्रेपिटंट, तर फरक सगळ्यात जास्त दिसला तो २४ तासांनंतरच्या टप्प्यात.

अर्थात हे असं चाकूने कापल्यासारखं वेगळं नाहीये हेही मान्य करतो. पहिल्या दिवशीही सबस्टन्स पी थोडं काम करतच असतं. कुणाचा वाटा कधी मोठा एवढाच फरक.

आणि गंमत सांगतो, हे सगळं शोधायला इतका उशीर का झाला त्याचं एक कारण म्हणजे उंदीर. उंदरांना उलटीच होत नाही! लॅबमधला सगळ्यात हुकमी प्राणी या कामाला निरुपयोगी. मळमळलं की ते माती चघळतात आणि संशोधक ती माती वजन करून मळमळीचा अंदाज बांधतात. त्यामुळे या क्षेत्रात फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला मान आहे, तो माणसासारखी रीतसर उलटी करतो. १९८६ मधे फेरेटवरच दिसलं की ५-एचटी३ अडवलं की सिस्प्लॅटिनची उलटी थांबते. एनके-१ च्या बाबतीत तर उंदराचा दुहेरी घोळ, त्याचा रिसेप्टर माणसाच्या रिसेप्टरपेक्षा एवढा वेगळा की माणसासाठी बनवलेलं औषध त्याला नीट चिकटतच नाही.

टवाळ_कार्टा_नं_२

उंदराला उलटी होत नाही ही माहिती आज मी किमान पाच लोकांना ऐकवणार आहे. अवांतराबद्दल क्षमस्व, चालू द्या.

रात्रपाळी

मी डेकेअर किमो युनिटमधे नर्स आहे. धागाकर्त्यांनी छान लिहिलंय, पण मला रोज जे दिसतं ते सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लोक मळमळ सुरू झाली की मग गोळी घेतात. "आज बरं वाटतंय ना, मग कशाला उगाच औषधं" असं म्हणून दुसऱ्या दिवशीची कॅप्सूल डबीतच राहते आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो. अहो ही औषधं आधी घ्यायची आहेत, रिसेप्टर आधी अडवायचाय. अ‍ॅप्रेपिटंट तोंडाने असेल तर नेहमीची पद्धत म्हणजे पहिल्या दिवशी १२५ मिग्रॅ किमोच्या साधारण तासभर आधी आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ८०-८०. दोन वेगळ्या ताकदीच्या कॅप्सूल असतात आणि रंगही वेगळे, तरी अदलाबदल होते, म्हणून मी पाकिटावर मोठ्या अक्षरात वार लिहून देते. तारीख नाही, वार. आजारपणात तारीख कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरं म्हणजे अजून एक तिसऱ्या प्रकारची मळमळ असते ती राहिली लिहायची. काही पेशंटना युनिटच्या दारातच मळमळायला लागतं, सलाईन लावायच्याही आधी. स्पिरिटचा वास आला, आमचा युनिफॉर्म दिसला की झालं. मागच्या खेपेचा त्रास मेंदूने लक्षात ठेवलेला असतो. यावर ना सेट्रॉन चालत ना अ‍ॅप्रेपिटंट, डॉक्टर कधी लोराझेपामसारखं मन शांत करणारं काही देतात, पण खरा उपाय म्हणजे पहिल्याच सायकलला मळमळ होऊ न देणं. म्हणून पहिल्या सायकलला "बघू, झालं तर देऊ" हे धोरण मला अजिबात पटत नाही.

चिकूची_आई

@रात्रपाळी ताई, अगदी आमच्याच घरचं लिहिलंत. दुसऱ्या दिवशीची कॅप्सूल राहून गेली होती कारण बरं वाटत होतं. आम्हाला कुणी नीट समजावलंच नव्हतं, नुसती प्रिस्क्रिप्शन हातात ठेवली. अजून एक विचारायचंय, उचक्या लागतात त्या याच्यामुळेच का? आणि पोट साफ होत नाही ते?

रात्रपाळी

उचक्या अ‍ॅप्रेपिटंटच्या दुष्परिणामांच्या यादीत आहेत आणि डेक्सामेथासोनमुळेही लागतात, दोन्ही बरोबर चालू असतात त्यामुळे दोष कुणाचा हे सांगणं अवघड. स्टेरॉइडचाच जास्त वाटतो मला. पोट साफ न होणं आणि डोकं दुखणं हे मात्र ओंडानसेट्रॉनचं नेहमीचंच. सेरोटोनिन आतड्याची हालचालही बघतं ना, ते अडवलं की आतडं सुस्तावतं. पुढच्या सायकलच्या आधीच डॉक्टरांना सांगा म्हणजे ते त्याची सोय करतील, लाजू नका.

रेणुवेडा

हं, आता रेणू. ज्यांना केमिस्ट्रीचा कंटाळा आहे त्यांनी हा प्रतिसाद खुशाल उडवावा.

अ‍ॅप्रेपिटंटच्या मधोमध एक मॉर्फोलिनचं कडं आहे, सहा अणूंचं, त्यातला एक नायट्रोजन आणि एक ऑक्सिजन. या कड्याला तीन शेपट्या. एकीकडे एक फेनिल कडं ज्यावर एक फ्लोरिन. त्याच्या शेजारच्या कार्बनवर ऑक्सिजनमार्फत लटकलेलं दुसरं फेनिल, ज्याच्यावर दोन ट्रायफ्लोरोमिथिल गट, म्हणजे सहा फ्लोरिन. आणि नायट्रोजनवर एक ट्रायाझोलोन. एकूण सात फ्लोरिन, रेणुभार ५३४. ओंडानसेट्रॉन २९३ चं, म्हणजे हा जवळपास दुप्पट वजनाचा गडी.

एवढे फ्लोरिन कशाला? लिव्हरमधली एन्झाइम्स रेणूच्या मऊ जागा शोधून तिथे ऑक्सिजन चिकटवतात आणि औषध संपवतात. कार्बन-हायड्रोजनच्या जागी कार्बन-फ्लोरिन ठेवलं तर तो बंध तुटता तुटत नाही. याच्या आधीच्या एका रेणूत फेनिलवरचा हा एकटा फ्लोरिन नव्हता आणि दुसऱ्या बाजूच्या कार्बनवर एक मिथिलही नव्हता. तेवढे दोन बदल केले आणि रेणू शरीरात तगायला लागला. अ‍ॅप्रेपिटंटचं अर्धआयुष्य ९ ते १३ तास आहे, ओंडानसेट्रॉनचं ३ ते ६. शिवाय फ्लोरिनमुळे रेणू तेलकट होतो, मेंदूभोवतीचा रक्ताचा अडसर ओलांडून आत जातो, आणि याचं काम तर आतच आहे. पीईटी स्कॅनवर बघितलंय (हो शंकासुर, अशा रीतीने डोकावता येतं), नेहमीच्या डोसला मेंदूतले ९० टक्क्यांहून जास्त एनके-१ रिसेप्टर व्यापलेले दिसतात.

पण तेलकटपणाची किंमत मोजावी लागते. हा रेणू पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. साधी पूड करून दिली तर पोटात काही खाल्लेलं आहे की नाही यावर किती शोषलं जाईल ते ठरायचं, आणि मळमळणाऱ्या माणसाला "भरपेट जेवून मग गोळी घ्या" म्हणणं म्हणजे चेष्टाच की. म्हणून स्फटिक दळून दळून नॅनोमीटरच्या मापात आणले, ते परत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टॅबिलायझर, आणि मग ते मण्यांवर चढवून कॅप्सूलमधे भरले. आता पोट रिकामं असो वा भरलेलं, फारसा फरक पडत नाही. माझ्या मते या औषधातलं निम्मं कौशल्य इथे आहे पण त्याचं कौतुक कुणी करत नाही.

ज्यांना गिळताच येत नाही त्यांच्यासाठी दुसरी युक्ती, फॉसअ‍ॅप्रेपिटंट. ट्रायाझोलोनच्या नायट्रोजनवर एक फॉस्फोरिल गट चढवला, झाला पाण्यात विरघळणारा, द्या शिरेतून. रक्तात गेल्यावर शरीरातलीच फॉस्फटेज एन्झाइम्स तो गट उडवतात आणि इन्फ्यूजन संपल्यावर अर्ध्या तासात आत सगळं अ‍ॅप्रेपिटंटच उरतं. २००८ चं हे.

प्रयोगशाळेतली_झुरळं

याच्या सिंथेसिसला ग्रीन केमिस्ट्रीचा पुरस्कार मिळाला होता ना? एमएस्सीला शिकवलेलं अंधुक आठवतंय.

रेणुवेडा

हो हो, तेच लिहायचं राहिलं! २००५ मधे, अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल ग्रीन केमिस्ट्री अवॉर्ड. माझा आवडता किस्सा आहे त्यामुळे जरा सैल हाताने लिहितो.

रेणूत तीन कायरल केंद्रं आहेत, म्हणजे अवकाशातल्या आठ शक्य मांडण्या, त्यातली एकच हवी. पहिली पद्धत सहा टप्प्यांची होती, त्यात सोडियम सायनाइड, डायमिथिल टायटॅनोसीन, अमोनिया वायू असला सगळा जामानिमा. दुसऱ्या पद्धतीत टप्पे तीनवर आले. त्यातली जी खरी जादू आहे ती अशी की ग्लायऑक्झिलिक आम्लापासून ते कडं बांधलं, त्यावर ट्रायफ्लोरोमिथिलवालं अल्कोहोल जोडलं, तेव्हा हवा तो आणि नको तो असे दोन्ही प्रकार जवळजवळ सारख्याच प्रमाणात तयार झाले. कुणी म्हणेल निम्मा माल वाया. तर तसं नाही. फ्लास्कमधे बेस टाकला की नको असलेला प्रकार द्रावणात असतानाच सतत उलटापालटा होत राहतो, आणि स्फटिक मात्र फक्त हव्या त्या प्रकाराचेच पडतात. जसजसा हवा तो खाली बसतो तसतसा दुसरा त्याची जागा भरायला बदलत जातो. शेवटी जवळजवळ सगळाच माल हवा तसा. काचेत पांढरी पूड वाढत जाताना दिसते, बाकी बाहेरून काही कळत नाही.

यील्ड जवळपास दुप्पट झालं, कच्चा माल आणि पाणी आधीच्या २० टक्क्यांवर आलं, आणि दर किलो औषधामागे सुमारे ३४० लिटर कचरा वाचला. तीनशे चाळीस लिटर, एका किलोमागे! औषधनिर्मितीत कचरा किती निघतो याची बाहेर कुणाला कल्पनाच नसते.

गोळीबंद

मी फार्मासिस्ट. केमिस्ट्री भारीच, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, ती म्हणजे इंटरॅक्शन. अ‍ॅप्रेपिटंट लिव्हरमधल्या सिप ३ए४ नावाच्या एन्झाइमला मध्यम प्रमाणात दाबतं आणि असंख्य औषधं याच एन्झाइमने संपतात. पहिलं उदाहरण त्याच्याच सोबत दिलं जाणारं डेक्सामेथासोन. अ‍ॅप्रेपिटंट असेल तर त्याची रक्तातली पातळी दुपटीच्या वर जाते, म्हणून उलटीसाठी देताना डोस २० ऐवजी १२ मिग्रॅ ठेवतात. पण लक्षात घ्या, स्टेरॉइड जेव्हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग असतो, जसं काही लिम्फोमात, तेव्हा तो असा कमी करत नाहीत. हा निर्णय डॉक्टरचा, प्रिस्क्रिप्शन बघून "अरे हे जास्त लिहिलंय" म्हणून घरी गोळी अर्धी करणारे महाभाग मी पाहिलेत.

गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही याने कमी होतो आणि हे औषध थांबवल्यानंतर पुढे महिनाभर ती काळजी घ्यावी लागते. वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) घेणाऱ्यांचं आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचं माप, खाली घसरू शकतं, त्यांची तपासणी कोर्स सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांच्या सुमारास करायला सांगतात. म्हणून बाबांनो ऑन्कोलॉजिस्टला आपली बाकीची सगळी औषधं सांगा. "ती तर बीपीची आहे, तिचा काय संबंध" असं आपणच ठरवू नका.

आणि ओंडानसेट्रॉनला साधं समजू नका. हृदयाच्या ठोक्यातलं क्यूटी अंतर ते लांबवतं, म्हणूनच ३२ मिग्रॅचा एकरकमी शिरेतून द्यायचा डोस २०१२ मधे अमेरिकेत बाद झाला. पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असेल तर जास्त जपावं लागतं, आणि उलट्या होणाऱ्या माणसाचं नेमकं तेच कमी असतं.

शंकासुर

पीईटीचा टोमणा पोचला. पुढची शंका, सबस्टन्स पी तर वेदनेशी जोडलेलं आहे असं वाचलं होतं. मग एनके-१ अडवून वेदनाशामक का नाही झालं?

रेणुवेडा

तेच तर करायला निघाले होते सगळे! प्राण्यांमधे वेदना कमी झाली, माणसांत काहीच नाही. मग नैराश्यावर वापरून बघितलं, १९९८ मधे प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आशादायक दिसलं आणि खूप गाजावाजा झाला, पण मोठ्या चाचण्यांमधे ते टिकलं नाही, २००३ च्या शेवटी तो नाद सोडून दिला. उलटी हा त्या मानाने दुय्यम उपयोग होता आणि शेवटी तोच कामाला आला. ज्या वर्षी उलटीसाठी मंजुरी त्याच वर्षी नैराश्याची फाइल बंद.

चिकूची_आई

एक विचारते, आमच्या डॉक्टरांनी आता ओलांझापिन लिहून दिलंय. नेटवर बघितलं तर ते स्किझोफ्रेनियाचं औषध निघालं, घरात सगळे घाबरले. चुकून लिहिलंय का?

गोळीबंद

नाही ताई, चुकून नाही. ओलांझापिन डोपामिन, सेरोटोनिन, हिस्टामिन असे अनेक रिसेप्टर एकदम अडवतं, त्यामुळे मळमळीचे बरेच रस्ते एकाच गोळीत बंद होतात. २०१६ मधे मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, सेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि अ‍ॅप्रेपिटंट या तिघांच्या जोडीला हे चौथं औषध १० मिग्रॅ दिलं तर उलटीच नाही तर मळमळही कमी झाली. हे महत्त्वाचं आहे, कारण अ‍ॅप्रेपिटंट उलटी थांबवण्यात पटाईत पण मळमळीच्या बाबतीत तितकंसं नाही. नंतर जपानमधल्या चाचणीत ५ मिग्रॅनेही काम झालं. झोप खूप येते, म्हणून बहुतेक रात्री द्यायला सांगतात, आणि उठताना पटकन उठू नका, चक्कर येते. वयस्कर माणूस असेल तर रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत असू द्या. आणि मेटोक्लोप्रमाइड घरात पडलेलं असेल तर विचारल्याशिवाय यासोबत देऊ नका, दोन्ही डोपामिन अडवतात.

चिकूची_आई

हुश्श. मनापासून आभार. घरी सगळ्यांना हा धागाच पाठवला.

टवाळ_कार्टा_नं_२

मेटोक्लोप्रमाइड म्हणजे तेच ना जे उलटी झाली की सगळ्यांना देतात? मग ते किमोला का नाही वापरत?

रेणुवेडा

वापरायचे की. ऐंशीच्या दशकात सिस्प्लॅटिनसाठी त्याचे दणदणीत डोस द्यायचे, शिरेतून, आणि पेशंटची मान-जबडा आखडायचा. ते डोपामिन अडवतं म्हणून चालतं असा समज होता, पण डोपामिन अडवणारी बाकीची औषधं तितकी चालेनात. मग कळलं की मोठ्या डोसला ते ५-एचटी३ पण थोडंफार अडवतं आणि खरी करामत ती आहे. तिथूनच फक्त ५-एचटी३ अडवणारं काहीतरी हवं ही कल्पना जोरात पुढे आली. म्हणजे सेट्रॉन मंडळी याच जुन्या गोळीची नातवंडं म्हणायला हरकत नाही.

प्रयोगशाळेतली_झुरळं

पॅलोनोसेट्रॉन पण सेट्रॉनच ना, मग ते उशिराच्या मळमळीवर थोडं जास्त चालतं असं का म्हणतात?

रेणुवेडा

अर्धआयुष्य ४० तासांच्या आसपास, हे उघड कारण. पण ग्रॅनिसेट्रॉन वारंवार देऊनही तोच परिणाम येत नाही, त्यामुळे एवढंच नसावं. लॅबमधे दिसलंय की पॅलोनोसेट्रॉन रिसेप्टरला वेगळ्या तऱ्हेने चिकटतं आणि मग पेशी तो रिसेप्टर पृष्ठभागावरून आतच ओढून घेते. शिवाय ५-एचटी३ आणि एनके-१ एकमेकांशी आतून बोलतात आणि पॅलोनोसेट्रॉन ते बोलणं तोडतं असंही पेशींवरच्या प्रयोगात दिसलंय. पेशंटमधे त्याचा वाटा किती हे मात्र वेगळं प्रकरण. २०१४ पासून नेटुपिटंट (हेही एनके-१ अडवणारं) आणि पॅलोनोसेट्रॉन एकाच कॅप्सूलमधे मिळायला लागलं, तीन दिवसांचा हिशोबच नको.

रात्रपाळी

एकाच कॅप्सूलवाला पेशंट असला की माझा वार लिहायचा त्रास वाचतो, एवढं नक्की.

धागाकर्त्यांना एक प्रश्न. फॉसअ‍ॅप्रेपिटंट चालू असताना काही जणांचा हात सलाईनच्या जागी लाल होतो, दुखतो, एकदोघांना अंगावर पुरळ आणि धाप पण लागली, लगेच बंद करावं लागलं. हे औषधाचं आहे की आणखी कशाचं?

रेणुवेडा

बऱ्याचदा संशय पॉलिसॉर्बेट ८० वर घेतात. फॉसअ‍ॅप्रेपिटंटच्या मूळ इंजेक्शनमधे तो सर्फॅक्टंट, म्हणजे न विरघळणारं पाण्यात मिसळवणारा पदार्थ, असतो आणि त्याची अ‍ॅलर्जिक प्रतिक्रिया काहींना येते, डोसिटॅक्सेल या किमोच्या औषधाच्या इंजेक्शनमधेही तोच असतो त्यामुळे तुम्ही हे चित्र तिथेही पाहिलं असेल. म्हणून २०१७ मधे एक दुसरं रूप आलं, अ‍ॅप्रेपिटंटच सोयाबीन तेलाच्या इमल्शनमधे, अंड्यातलं लेसिथिन वापरून, पॉलिसॉर्बेटशिवाय. फॉस्फेटची युक्तीच नको मग. फक्त अंड्याची किंवा सोयाबीनची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना तिथे आधी विचारून घ्यावं लागतं.

रात्रपाळी

हां, डोसिटॅक्सेलला अगदी असंच होतं. उद्या पुरळवाल्या पेशंटच्या फाइलवर पॉलिसॉर्बेटची नोंद आहे का ते बघते, नसेल तर डॉक्टरांच्या कानावर घालते.